ढिगातला बत्ता

लुंगदो तळाच्या कचेरीत मेजर दुग्गलांनी जाडजूड पुस्तक हातात ठेवलं तेव्हा यांगडोलला वाटलं, आता कुठेतरी सही घेतील आणि मग दगड देतील. पलटणीकडून काहीही घ्यायचं म्हटलं की आधी सही लागते, एवढं तिला एकतीस वर्षांत पाठ झालं होतं. तिने अंगठा पुसून तयारही ठेवला.

"माताजी, हा आपल्या पलटणीचा इतिहास," मेजर म्हणाले. "पूर्ण पन्नास वर्षांचा. उद्या जनरल साहेबांच्या हस्ते प्रकाशन आहे. पण पहिली प्रत तुमची. शहीद तुंडुप यांच्या पत्नीची."

पुस्तक गुळगुळीत होतं आणि चांगलं दोन किलोचं होतं. यांगडोलने ते परत टेबलावर ठेवलं.

"साहेब, मी दगड न्यायला आले," ती म्हणाली.

मेजरांनी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मोरुपकडे पाहिलं. मोरुप पलटणीतूनच हवालदार म्हणून निवृत्त झालेला, यांगडोलचा शेजारी. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात तो तुंडुपच्याच तुकडीत होता. बर्फाचा कडा कोसळला तेव्हा तो दोरीच्या या टोकाला होता आणि तुंडुप त्या टोकाला. गावची जीप भाड्याने घेऊन तीन तासांची वाट तोच तिच्याबरोबर आला होता.

"दगड, साहेब," मोरुप म्हणाला. "तुंडुपचा. ढिगातला."

"कसला ढीग?" मेजरांनी विचारलं.

तुंडुप सापडून आठ दिवस झाले होते. वरच्या चौकीकडे जाणाऱ्या गस्तीला हिमनदीच्या कडेला आधी एक बूट दिसला, मग पाय, मग सगळा तुंडुप. एकतीस वर्षं बर्फाने त्याला जसाच्या तसा ठेवला होता. तो एकोणतीस वर्षांचाच राहिला होता आणि यांगडोल सत्तावन्नची झाली होती. उद्या दुपारी पलटणीचा ट्रक त्याला ताशीथांगला, त्याच्या दारात आणणार होता. लामांनी पोथी पाहून परवाचा दिवस अग्नीसाठी ठरवला होता. म्हणजे दगड आजच हवा होता. नुसता चितेसाठी नव्हे, त्याआधी, दारासाठी.

पुस्तकात काय लिहिलंय ते असो, पण ही पलटण मेंढपाळांनी उभी केलेली. खालून पहिले साहेब आले तेव्हा त्यांच्याकडे नकाशे होते, आणि नकाशात जिथे नुसता कोरा पांढरा रंग होता तिथे या लोकांच्या मेंढ्यांच्या लेंड्या पडलेल्या होत्या. मग साहेबांनी शहाणपणा केला. यांनाच गणवेश दिला. यांची वाट घेतली, यांची फुप्फुसं घेतली, लोकरीचे जोडे पण घेतले, कारण सरकारी बुटांत पहिल्याच हिवाळ्यात बोटं गळाली होती. आणि गणवेशाबरोबर मेंढपाळांची एक सवयही पलटणीत शिरली. उन्हाळ्यात कळप वर चारायला न्यायचा तेव्हा घळीच्या तोंडाशी प्रत्येक मेंढीमागे एक दगड ठेवायचा. उतरताना एकेक मेंढी आली की एकेक दगड काढायचा. ढीग उरला तर तेवढ्या मेंढ्या शोधायला परत वर जायचं. ढीग संपल्याशिवाय घरी कुणी जायचं नाही.

पहिल्या हिवाळ्यात बावीस माणसं चौकीवर चढली तेव्हा एका म्हाताऱ्या शिपायाने निव्वळ सवयीने लुंगदो तळाच्या फाटकाशी बावीस दगड ठेवले. तेव्हापासून ते चालूच राहिलं. पुढे पुढे प्रत्येक जण दगड घरूनच आणायला लागला, म्हणजे कुणाचा कोणता यावरून तंटा नको. कुणी आपल्या ओढ्यातला आणला, कुणी शेताच्या बांधावरचा. खाली उतरलेला माणूस आधी आपला दगड उचलायचा, मग चहाला हात लावायचा. न उतरलेल्याचा दगड तिथेच राहायचा, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हा हुकूम कुणी काढला नव्हता. पन्नास वर्षांत तो कुणी मोडलाही नव्हता.

तुंडुपने निघताना दगड शोधायचा कंटाळा केला आणि यांगडोलच्या चुलीपाशी हात घातला. लसूण-मिरची कुटायचा तिचा बत्ता त्याने सरळ अंगावरच्या गोंचाच्या, त्या घोळदार लोकरी झग्याच्या, पोटाशी खोचला. आजीपासूनचा बत्ता तो. तीन बायकांच्या अंगठ्यांनी त्याच्या एका बाजूला खळगा पाडला होता.

"अरे, तो ठेव! मी चटणी कशाने कुटू, तुझ्या डोक्याने?" ती ओरडली होती.

"माझं डोकं मऊ आहे म्हणतेस ना? मग काय उपयोग," तो दारातून हसला होता. "तीन महिन्यांत आणतो."

आणि तिने लाटणं उगारून म्हटलं होतं, "माझा बत्ता आणल्याशिवाय या घरात पाऊल ठेवायचं नाही. सांगून ठेवते!"

नवऱ्याशी बोललेलं तिचं शेवटचं वाक्य हे होतं. लोक म्हणतात, रागाचं बोलणं वाऱ्यावर जातं. जात नाही. एकतीस वर्षं ते वाक्य तिच्या दाराच्या चौकटीत अडकून बसलं होतं. नवा बत्ता तिने आणला नाही. खल रिकामाच राहिला. चटणी ती नदीतल्या कुठल्याही गोट्याने पाट्यावर रगडायची, आणि दर वेळी मनात म्हणायची, ये रे बाबा, तसाच ये, मी गंमत केली होती. आता तो येत होता. पण लडाखी दार आहे ते. बोललेला शब्द दाराला लागलेला असतो. आपणच घातलेली आडकाठी आपणच काढायची, नाही तर माणूस उंबऱ्याबाहेर ताटकळतो, असं तिचं पक्कं मत होतं, आणि लामाही त्याला नाही म्हणाले नव्हते.

"कसला ढीग काय विचारता साहेब?" मोरुप म्हणाला. "फाटकाच्या डाव्या हाताला. पन्नास वर्षांचा."

मेजरांचा चेहरा उजळला. "अच्छा, तो! तो आहे की." त्यांनी पुस्तक उघडून भराभर पानं उलटली. "हे पाहा. पान बेचाळीस. 'पलटणीची आगळी प्रथा.' मोठा फोटो आहे. मला स्वतःला हे पान फार आवडलं."

फोटो खरंच सुरेख होता. निळं आभाळ, मागे बर्फाची शिखरं, पुढे ढीग, ढिगावर वाऱ्याने फडफडणारा एक खताक, मानाचा पांढरा रेशमी पट्टा. खाली बारीक अक्षरांत स्तुती.

"पुस्तकात आहे," यांगडोल म्हणाली. "जागेवर कुठाय? आत्ता आम्ही तिथूनच आलो. तिथे फरशी बसवलीये आणि कुंडीत प्लॅस्टिकचं फूल लावलंय."

मेजरांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "नवांग साहेब!"

नायब सुभेदार नवांग आत आला. चाळिशीतला, रुंद चेहऱ्याचा, पलीकडच्याच खोऱ्यातला. यांगडोलला पाहताच त्याने मान खाली घातली. तिथेच यांगडोल काय ते समजली.

"फाटकाजवळचे दगड कुठे हलवले?" मेजरांनी विचारलं.

"साहेब, तुमच्याच हुकमाने... समोरच्या उतारावर. अक्षरांना."

सगळे खिडकीशी गेले. कवायतीच्या मैदानापलीकडच्या उतारावर, अर्ध्या कोसावरून दिसतील अशी पांढरीशुभ्र अक्षरं मांडली होती, 'शौर्य हमारी परंपरा'. लष्कराची ही हौस जुनी आहे. डोंगर दिसला की त्यावर काहीतरी लिहायचं, दगड दिसला की त्याला चुना नाही तर गेरू फासायचा. हलत असेल तर सलाम ठोका, हलत नसेल तर रंगवा, असं शिपाईच म्हणतात.

"पहिल्या दोन शब्दांना नदीतले दगड आणले," नवांग म्हणाला. "शेवटच्याला कमी पडले. जनरल साहेबांची तारीख जवळ आली होती. तुम्ही म्हणालात, तो फाटकाजवळचा कचरा उचला."

"कचरा," यांगडोल म्हणाली.

पुस्तकातलं पान अजून उघडंच होतं. मेजर एकदा फोटोकडे, एकदा उताराकडे पाहू लागले. "मला कल्पना नव्हती, की हाच तो... मी जुलैत बदलून आलो. ते पुस्तक तर खाली दिल्लीत बसून लिहिलंय."

यांगडोलचा खरा राग साहेबावर नव्हताच. साहेब आज आला, उद्या जाईल, त्याला काय! ती नवांगकडे वळली.

"पोरा, त्याला माहीत नव्हतं. तुला नव्हतं? तुझ्या बापाने या ढिगातून तीनदा दगड उचललाय. हात कसा लागला तुझा? या डोंगरात दगडांना तोटा आहे? देवाने आपल्याला दुसरं दिलंय काय? नुसते दगडच तर दिलेत!"

"आमा-ले, हुकूम होता."

"हुकूम! लाज नाही तेवढी हुकमामागे लपवायला शिकलात. मेंढरू बरं, कड्यापाशी थांबतं तरी."

नवांगचे कान लाल झाले. मोरुपने थोरल्या भावासारखा तिच्या खांद्यावर हात ठेवला, "नोमो, चल, साहेबांना वेळ देऊ—" पण तिने हात झटकला. "एकतीस वर्षं दिला वेळ, आचो-ले. तूच सांग, आणखी किती देऊ?" आणि ती दारातून बाहेर पडली.

मैदानात उद्याच्या संचलनाची तालीम चालू होती. गोंचाचा घेर एका हाताने आवरत एक म्हातारी रांगा कापून सरळ उताराकडे निघाली, तेव्हा बँडवाल्याचा सूरच चुकला. पहाऱ्यावरचा संतरी आडवा आला. "आमा-ले, वर जायला मनाई आहे."

"माझ्या घरातली वस्तू वर आहे. तुझ्या आईचा बत्ता कुणी भिंतीत चिणला तर तुला चालेल?"

संतरी मागे वळून साहेबांना शोधू लागला. तोवर ती 'परंपरा'च्या शेवटच्या अक्षरापाशी पोचली आणि बसली. पहिला दगड उचलला, दोन्ही हातांनी फिरवला, अंगठा दाबून पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. रंग तेलाचा होता. मूळ दगड काळा की हिरवा की तांबडा, काही दिसायची सोय नव्हती. सगळे एकसारखे पांढरे, नव्या भरतीसारखे. पण तिला डोळ्यांची गरज नव्हती. तो खळगा तिच्या अंगठ्याला ठाऊक होता.

मेजर धापा टाकत आले. "माताजी, असं करू नका. उद्या अकराला जनरल साहेब उतरतील. अक्षर मोडलं तर... मी वचन देतो, परवा सगळे दगड परत नेऊन ठेवतो."

"परवा तो जळेल, साहेब."

"एक दगडच आहे शेवटी! मी तुम्हाला संगमरवरी—"

"सर." नवांग मागे उभा होता. आवाज अगदी परेडचा, ताठ. "परवानगी असेल तर बोलू?"

"बोला."

"या शब्दात एकशे चार दगड आहेत, सर. सदतीस न आलेल्यांचे. बाकी आत्ता वर चौकीवर आहेत त्यांचे. पुढच्या महिन्यात ते उतरतील, फाटकाशी येतील आणि आपला दगड शोधतील. त्यांना मी काय सांगू?"

मेजर खाली फाटकाकडे पाहू लागले.

"आणि एक तुमचा आहे, सर."

"माझा?"

"ऑगस्टमध्ये तुम्ही चौकी पाहायला वर गेलात. मी तुम्हाला दगड ठेवायला सांगितला. तुम्ही हसलात, हेलिपॅडवरचा एक उचललात आणि ठेवलात. चार दिवसांनी उतरलात, सरळ गाडीत बसलात. दगड राहिला." नवांगने वर चौकीकडे बोट केलं. "पलटणीच्या हिशेबाने तुम्ही अजून वरच आहात, सर."

वारा चांगलाच होता, तरी मेजरांनी टोपी काढून कपाळ पुसलं. वरती त्यांनी काय पाहिलं होतं, चार दिवस कसे काढले होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. उतरल्यावर आठवडाभर ते झोपेत ओरडायचे, हे मात्र सगळ्या तळाला ठाऊक होतं.

"माझा कोणता?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते तुम्हालाच ओळखता येणार, सर. म्हणून तर घरचा आणायचा असतो."

मग नवांगने पट्टा काढला, बाह्या वर केल्या आणि यांगडोलसमोर गुडघे टेकून बसला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. फक्त हातातला दगड त्याच्याकडे दिला, आणि त्याने तो नीट, दोन्ही हातांनी घेतला. मैदानातून आधी दोघे आले, मग सहा, मग बँडवाला ढोल खाली ठेवून आला. कुणी हुकूम दिला नाही. मेजरांनी थांबवलंही नाही. रांग लागली आणि दगड हातोहात फाटकाकडे उतरू लागले. एक लान्स नायक ओरडला, "हा स्तोबदनचा! याला मीच टवका पाडला होता!" दुसऱ्याने कुणाचातरी दगड दातांनी रंग खरवडून ओळखला आणि रंग थुंकत शिव्या घातल्या. शिव्या कुणाला, ते त्याने मोघम ठेवलं.

यांगडोलच्या हातून एकेक अक्षर गेलं. काना गेला. र गेला. प गेला. तिची बोटं गारठून सुजली होती आणि अंगठ्याला अजून काही लागलं नव्हतं. ऐंशी झाले. नव्वद झाले. उन्हं शेंड्याकडे सरकली.

"फोडला असेल," ती एकदम म्हणाली. हातातला दगड तिने तसाच मांडीवर ठेवला. "आकाराचा बसला नसेल, म्हणून फोडला असेल कुणीतरी. आचो-ले, मी का तसं बोलले रे त्याला? दुसरं काही सुचलं नाही मला जाताना?"

मोरुपला एकतीस वर्षांपूर्वीची दोरी आठवली. हातातून सुटलेली नव्हती ती, तुटली होती. पण तळव्यांना फरक कळत नाही. तो म्हणाला, "नोमो, तो वर रोज सांगायचा. माझी बायको मला बत्त्याशिवाय घरात घेणार नाही, म्हणून मला मरायची सोय नाही. सगळी चौकी हसायची. तुझ्या त्या बोलण्यावर त्याने आख्खा हिवाळा काढला."

"हे तू मला आज सांगतोस?"

"तुझ्या दारात उभं राहून सांगायची छाती नव्हती."

ती त्याला काही लागट बोलणार होती. त्याने ते ऐकूनही घेतलं असतं. तेवढ्यात एक पोरगेला शिपाई वरून म्हणाला, "आमा-ले, टिंब राहिलंय." पहिल्या र च्या डोक्यावरचं टिंब. त्यासाठी त्यांनी मुद्दाम गुळगुळीत, गोलसर, हाताला बरे वाटणारे चार दगड निवडले होते. तिसऱ्यावर यांगडोलचा अंगठा टेकला आणि खाली गेला.

बत्ता तिने गोंचात, पोटाशी खोचला. तुंडुप जिथे खोचून घेऊन गेला होता तिथेच.

जीप निघाली तेव्हा उतारावर 'शौर्य हमारी' एवढंच उरलं होतं. फाटकाशी फरशीवर पांढऱ्या दगडांचा ढीग पुन्हा उभा होता, आणि त्याच्यापुढे मेजर दुग्गल दोन हातांत दोन दगड घेऊन उभे होते. कोणता आपला ते त्यांना ठरवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जनरल साहेबांनी काय विचारलं, मेजरांनी काय उत्तर दिलं, ते पलटणीच्या इतिहासाच्या पुढच्या भागात आलं तर आलं. येणार नाही बहुतेक.

घरी यांगडोलने बत्ता ओढ्यावर नेऊन राखेने घासला, वाळूने घासला. लष्कराच्या रंगाला नावं ठेवायची सोय नाही. नको तिथे तो फार टिकतो. शेवटी सुरीने तिने तेवढा अंगठ्याचा खळगा खरवडून काढला. आतून आजीचा काळा दगड दिसला. बाकीचा तिने पांढराच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला. सहा शिपायांनी पेटी खांद्यावर घेतली. झेंडा, फुलं, बिगूल, सगळं रीतसर. लामांनी शंख फुंकला. शिपाई दारापाशी आले आणि यांगडोल उंबऱ्यात आडवी उभी होती. गाव थबकलं. मोरुपने कुणाला पुढे होऊ दिलं नाही.

तिने बत्ता झेंड्यावर, त्याच्या छातीच्या जागी ठेवला आणि तळहात त्यावर दाबून धरला.

"विसरलासच ना?" ती म्हणाली. "माहीत होतं मला. मीच घेऊन आले. ये आता आत."

आणि ती दारातून बाजूला झाली.